पुढच्या वर्षाची हजेरी

१

रंगरावांच्या नर्सरीत सकाळी आठला पहिलं काम पाण्याचं नव्हे, अंगठ्याचं.

वाशीमहून रिठदकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला हिरव्या जाळीचा मांडव दिसतो, ती त्यांची नर्सरी. मिरची, वांगी, कोबी, टरबूज, शेतकऱ्याला जे लावायचं ते इथं आधी बोटभर उगवतं आणि मग ट्रेसकट गाडीत बसून गावोगाव जातं. जाळीच्या दाराशी एक खोली आहे. पूर्वी तिथं बियाणं ठेवत, आता तिला ऑफिस म्हणायचं. दाराच्या उजव्या अंगाला भिंतीवर हजेरीचं मशीन. काचेवर अंगठा टेकवला की आत लाल उजेड लागतो आणि एक बाई हिंदीत म्हणते, ‘धन्यवाद’. अंगठा पटला नाही तर तीच बाई त्याच सुरात म्हणते, ‘कृपया फिर से प्रयास करें’.

रंगरावांची शाळा सातवीपर्यंत. पण अकोल्याला एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी हे मशीन पाहिलं, तिथल्या चौकीदाराला दोनदा चहा पाजला, सगळं समजून घेतलं आणि महिन्याभरात आपल्या भिंतीवर आणून ठोकलं. कॉम्प्युटरही ते असाच शिकले. विचारून, चुकून, परत विचारून. कामावरच्या बाया मात्र बिथरल्या. त्यांच्यातली सगळ्यांत जुनी गंगू पुढं होऊन म्हणाली की मालक अन् मालकीण लावत असतील तं आमी लावू. रंगराव म्हणाले, मंजूर.

तिथंच घोटाळा झाला. मशीन हौसाबाईंचा अंगठा घेईना. तीस वर्षं मातीत, खतात, राखेत घातलेले हात. बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या. रेशनच्या दुकानातही त्यांचा अंगठा लागत नसे. दहाही बोटं लावून झाली, दहाही वेळा ती बाई प्रयास करा म्हणाली. हौसाबाई पदरात हसू लपवत म्हणाल्या, “थे बाई मले वळखत नाही.”

आता शब्द तर दिलेला. मालकिणीचं नावच मशीनमध्ये नसलं तर बायांच्या हाती कोलीत. रंगराव पक्के व्यापारी. त्यांनी तोड काढली. उजवा अंगठा आपल्या नावावर नोंदवला आणि डावा हौसाबाईंच्या. डाव्या अंगठ्यावर कलम करायच्या चाकूचा जुना काप होता, नखाजवळून पेरापर्यंत तिरपा गेलेला. मशीननं तो कापासकट मुकाट घेतला.

“हा आंगठा माहा झाला आता,” हौसाबाई म्हणाल्या. “मंग वापस मांगू नका.”

तेव्हापासून तो नेमच झाला. हौसाबाई घरचं आवरून, चहाची किटली घेऊन दुपारी यायच्या. चाराला वीस मिनिटं कमी, घड्याळ लावून घ्यावं. दारात उभ्या राहायच्या आणि रंगराव ट्रेंमधून हात झटकत येईपर्यंत तशाच उभ्या. रोजचं एकच बोलणं, तुमची वाट पाहू पाहू चहा थंडा होऊन राह्यला. मग रंगराव डावा अंगठा लावायचे, बाई धन्यवाद म्हणायची, आणि मगच हौसाबाई उंबरा ओलांडायच्या.

त्यांना जाऊन सोळा महिने झाले होते. मशीनमधून त्यांचं नाव काढायचं राहिलं होतं. राहिलं म्हणजे, रंगरावांनी काढलं नव्हतं.

मुलगा शिवम पुण्याला. वर्षभर तो मागं लागला होता की आबा, एकटं राहू नका. शेवटी दिवाळीनंतर रंगरावांनी मान हलवली. वाशीमचे बियाण्यांचे व्यापारी उस्मानभाई, पंचवीस वर्षांची ओळख, त्यांनी नर्सरी घ्यायचं कबूल केलं. एक जानेवारीला शिवम गाडी घेऊन येणार आणि रंगराव पुण्याला जाणार. जो तो म्हणे, पुण्यात करमेल का? रंगराव हसून मान डोलवत. त्यांना धास्ती पुण्याची नव्हतीच. आपण गेल्यावर इथं हौसाबाईपाशी कोण राहणार, ही होती. पण हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. साठी उलटलेल्या माणसानं असलं काही बोलावं, म्हणजे लोक डॉक्टरचा पत्ता देतात.

२

एकोणतीस डिसेंबर, सोमवार. टरबुजाची रोपं जायचा हंगाम, दिवसभर गाड्या लागलेल्या. संध्याकाळी बाया घरी गेल्यावर रंगरावांनी रोजच्यासारखा कॉम्प्युटर उघडला. दिवसाचा हजेरीचा कागद काढायचा, तारेत खोचायचा, मग दिवा मालवायचा. तीन वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

कागद कोरा आला. वर तारीख, खाली ‘हजर: शून्य’, एकाही नावाची ओळ नाही.

रंगरावांनी चष्मा पुसला. दहाही जणांचे अंगठे सकाळी त्यांनी कानांनी ऐकले होते. आठ बाया, पाणी पाहणारा भिवाजी आणि ते स्वतः. मग शून्य कसं?

त्यांनी वाशीमला शुभांगीला फोन लावला. बसस्टँडजवळ तिचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. या मशीनचा प्रोग्राम तिनंच बसवला होता आणि दिवाळीत त्याची नवी आवृत्तीही तिनंच टाकली होती. ती फोनवर हसायलाच लागली. सकाळपासून तिसरा फोन होता म्हणे.

तिनं समजावून सांगितलं ते असं. हा आठवडा दोन वर्षांत वाटला गेलाय. सोमवार ते बुध जुन्या वर्षात, गुरुवारी एक जानेवारी. आठवडे मोजायची एक पद्धत अशी आहे की असा आठवडा अख्खा नव्या वर्षाचा धरतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं वर्ष तारखेचं घ्यायचं सोडून आठवड्याचं घेतलं. म्हणून आजची हजेरी गेली पुढच्या डिसेंबरात. “काका, तुमी दोन हजार सव्वीसचा एकोणतीस डिसेंबर टाकून पाहा. सगळे तिथं बसलेले असतील. गुरुवारी आपोआप ठीक होते.”

रंगरावांना ते लगेच पटलं. व्यापाऱ्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. त्याचं एक वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं, एक गुढीपाडव्याला, सरकारचं एप्रिलात, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं जानेवारीत. कोणतं वर्ष कुठं लागतं यात माणसं चुकतात, तिथं यंत्राचं काय.

त्यांनी तारीख टाकली. खरंच, सगळे तिथं होते. गंगू आठला पाच कमी, निता आठ वाजता, भिवाजी नेहमीसारखा दहा मिनिटं उशिरा. एक वर्ष पुढं जाऊन सगळी मंडळी कामाला लागली होती. रंगरावांना हसू आलं. त्यांनी कागद काढला आणि सवयीनं ओळींवरून बोट फिरवून मोजलं.

अकरा.

अकरावी ओळ सगळ्यांत खाली होती. हौसाबाई. दुपारी तीन चाळीस.

३

डोकं ठिकाणावर असलेला माणूस असल्या वेळी काय करतो? कारण शोधतो. रंगरावांना ते पाच मिनिटांत सापडलं. अंगठा त्यांचाच होता की. दुपारी गाड्यांच्या घाईत ऑफिसात आले असतील, घड्याळाकडं नजर गेली असेल, हात आपोआप वर गेला असेल. हौसाबाईंच्या तेराव्यानंतरही दोन-तीनदा तसं झालं होतं. एकदा तर बाई धन्यवाद म्हणाल्यावर त्यांनी मागं वळून दाराकडं पाहिलं होतं.

पण तीन चाळीसला आपण मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला होतो, आसेगावच्या गिऱ्हाइकाची गाडी भरून देत होतो, हे त्यांना रात्री जेवताना आठवलं. बरं, आठवलं ते कालचंही असू शकतं. काल तर रविवार होता, सुट्टी. मग परवाचं असेल. त्यांनी ताट सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डाव्या अंगठ्याला औषधी चिकटपट्टी गुंडाळली. तीन वेढे, नखासकट. आता लावून दाखव म्हणावं.

गंगूनं ते बरोबर हेरलं. ती हौसाबाईंच्या माहेरची, त्यांच्याच सोबत या कामाला लागलेली. तिच्या नजरेतून सुटणं अवघड.

“काय झालं बोटाले?”

“काप लागला.”

“जुन्याच जागी?” तिनं पट्टीकडं पाहिलं. “मालक, जायच्या दोन रोज आधी माणूस हातपाय जपते. तुमचं उलटंच.”

मग तिनं, अगदी बोलता बोलता, ट्रेमधल्या ओल्या भुशात बी टोकता टोकता, विचारलं की काल दुपारी ऑफिसात कोण होतं. रंगरावांनी मान वर केली. गंगू म्हणाली, मशीनवाली बाई बोलली म्हणून इचारलं. ती पाणी प्यायला माठापाशी आली होती. ‘धन्यवाद’ तिनं ऐकलं. खोलीत डोकावली तर कुणी नव्हतं. मालक तर पार तिकडं, गाडीपाशी दिसत होते.

रंगराव म्हणाले की वायरीत काही बिघाड असेल. गंगू बरं म्हणाली आणि पुढचा ट्रे ओढला.

साडेतीनला ते ऑफिसात जाऊन बसले. खुर्ची मशीनसमोर घेतली, दार उघडं ठेवलं. मांडवातला उजेड जाळीतून गाळून येतो, त्यामुळं दुपारी ती खोली हिरव्या पाण्यात बुडाल्यासारखी दिसते. भिंतीवरचं घड्याळ, तारेत खोचलेले कागद, कोपऱ्यात रिकाम्या ट्रेंची चवड. सगळं जागच्या जागी. बाहेर भिवाजीनं तुषार सुरू केले होते, त्याची सळसळ एकसारखी चालू होती. तीन अडतीस. तीन एकोणचाळीस. रंगरावांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ते हातांकडं पाहत होते.

तीन चाळीसला तुषार थांबले.

एवढंच. पाणी बंद झालं की जाळीवरून थेंब पडत राहतात, तेवढा आवाज. मशीन गप्प. काच काळी. कुणी आलं नाही, कुणी बोललं नाही. पावणेचार झाले तेव्हा रंगराव मोकळेपणानं हसले आणि उठून चहा ठेवायला मांडवामागच्या घरात गेले.

संध्याकाळी त्यांनी पुढच्या वर्षाची तारीख टाकून कागद काढला. अकरा ओळी. हौसाबाई, तीन चाळीस.

४

शुभांगीनं फोनवर नीट ऐकून घेतलं. तिच्या मते हे जुन्या नोंदीचं झालं असणार; कधीची तरी एक ओळ कुठंतरी अडकून राहते आणि चुकीच्या तारखेला चिकटते. उद्या दुपारी ती स्वतः येणार होती. प्रोग्रामची दुरुस्ती आली होती, ती टाकून देईन म्हणाली. “घाबरू नका काका.”

“घाबरतो कायले,” रंगराव म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

कारण फोन ठेवल्यावर त्यांच्या डोक्यात एक वेगळाच हिशेब जुळत होता. समजा, जुनी ओळ नाही. समजा, पुढच्या वर्षाच्या कागदावर पुढच्या वर्षाचंच लिहून आलंय. त्या कागदावर आपली आजची माणसं चुकून जाऊन बसली, तर तिथं आधीच जे होतं ते आपल्याला दिसलं. दुसऱ्याच्या खोलीत चुकून शिरावं आणि तिथं बसलेलं माणूस दिसावं, तसं. आता हौसाबाईच्या नावावर अंगठा कुणाचा? डावा. म्हणजे आपला. म्हणजे पुढच्या वर्षी या दिवशी, या वेळी, आपण इथंच या मशीनपुढं उभे असणार.

खुळचट हिशेब होता. पण त्या संध्याकाळी, सामान बांधून ठेवलेल्या घरात, दोन पेट्या आणि गुंडाळलेली गादी यांच्यामध्ये बसून भाकरी खाताना रंगरावांना तो फार बरा वाटला. पुणं काही कायमचं नाही. आपण येणार. उस्मानभाईंना उद्या सांगूनही टाकावं का, की राहू द्या, नर्सरी मी विकत नाही? फोन हातात घेऊन ते बराच वेळ बसले. शिवमचा चेहरा आठवला. पोरानं त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली होती. फोन त्यांनी खाली ठेवला.

चिकटपट्टी आंघोळीत भिजली होती, पण त्यांनी ती काढली नाही.

५

बुधवारी शुभांगी दीड वाजता आली. स्कूटर जाळीत लावली, गंगूकडून पाणी मागून घेतलं, रंगरावांना म्हणाली काका, बारीक झाले तुमी. मग कॉम्प्युटरपुढं बसली.

काम करताना तिला बोलायची सवय. तिचं म्हणणं, भिंतीवरचं मशीन कधी चुकत नाही. अंगठा ज्या क्षणी लागला तो क्षण, ती तारीख, मशीनच्या पोटात बरोबर असते. चुकत होता तो हा डबा. आता डब्यातलं सगळं पुसून मशीनमधून पुन्हा भरून घ्यायचं, म्हणजे ज्याचं वर्ष त्याला मिळेल.

पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली. मग तिनं एकोणतीस डिसेंबर दोन हजार पंचवीस उघडला. गंगू, निता, भिवाजी, सगळे परत आले होते. दहा ओळी. तीस तारीख, दहा ओळी. आजची सकाळ, दहा ओळी.

“झालं,” ती म्हणाली. “आता पुढचं वर्ष रिकामं. पाहा.”

तिनं पुढचा डिसेंबर उघडला.

पुढचं वर्ष रिकामं नव्हतं. चार ओळी होत्या.

एकोणतीस तारीख, हौसाबाई, तीन चाळीस. तीस तारीख, हौसाबाई, तीन चाळीस. एकतीस तारीख, हौसाबाई, तीन चाळीस. आणि तिच्या खाली, त्याच दिवसाची, तीन एक्केचाळीस: रंगराव.

शुभांगीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पावणेदोन व्हायचे होते. एकतीस तारखेचे तीन चाळीस अजून या वर्षाचेही वाजले नव्हते. ती उठली, मशीनपाशी गेली, त्याच्या बटणांवरून मशीनमधलीच यादी काढून पाहिली. त्यातही चार ओळी. ती परत येऊन बसली आणि पडद्यावरच्या ओळी बोटानं पुन्हा मोजल्या.

“काका, हौसाकाकूचा आंगठा मशीन घेत नव्हतं ना? तुमीच मले सांगितलं होतं.”

“माहा डावा आहे तो.”

“हं.” तिला ते पटून हायसं वाटलं, पण क्षणभरच. मग तिनं हळूच विचारलं, “मंग पहिल्या दोन रोज तुमचा उजवा काहून नाही लागला?”

हे रंगरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. दोन दिवस हौसाबाई एकटी. तिसऱ्या दिवशी आपण, तेही तिच्या एक मिनिट मागून. डावा लावणारा माणूस आपण असू, तर तो पहिल्या दोन दिवशी उजवा लावायचा विसरणार नाही. ते दोन दिवस या दारात जे उभं राहणार होतं, ते आपल्यावाचून.

दोन दिवस वाट पाहणार होतं.

शुभांगीनं त्या ओळींवर खूण केली. पुसून टाकते म्हणाली. तिचं बोट बटणावर होतं, आणि ते बटण दाबलं जाऊ नये असंच तिला वाटत असावं, कारण ती रंगरावांच्या तोंडाकडं पाहत राहिली.

“राहू द्या,” रंगराव म्हणाले.

तिनं पर्स घेतली. जाताना जाळीच्या दारापर्यंत ती वळून वळून पाहत गेली.

६

त्या दिवशी बायांना त्यांनी अर्ध्या दिवसातच सोडलं. प्रत्येकीच्या हाती पेढ्याचा पुडा दिला. गंगूनं पुडा ओच्यात घातला, डोळे पुसले नाहीत, फक्त म्हणाली की उस्मानभाई चांगला माणूस आहे, पण त्याले वांग्याच्या रोपातलं काही कळत नाही. मग तीही गेली. भिवाजीनं पाणी बंद केलं आणि तोही सायकलवर टांग टाकून निघाला.

रंगराव ऑफिसात आले. घड्याळात तीन पस्तीस.

त्यांना एकच गोष्ट करून पाहायची होती. आपला डावा अंगठा लावायचा, बाईचं धन्यवाद ऐकायचं, म्हणजे कळेल की हा अंगठा आपला आहे आणि जे काही आहे ते आपल्याच हातचं आहे. बाकी मग पाहता येईल. त्यांनी चिकटपट्टी सोडली. दोन दिवसांच्या ओलीनं कातडी पांढरी पडली होती. दुपट्ट्यानं अंगठा कोरडा केला आणि काचेवर टेकवला.

लाल उजेड लागला.

‘कृपया फिर से प्रयास करें.’

पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. अंगठा तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली, धोतराला घासला, सगळ्या युक्त्या केल्या. तीन वर्षांपूर्वी हौसाबाईंसाठी केल्या होत्या त्याच. बाई त्याच सुरात प्रयास करा म्हणत राहिली. थे बाई मले वळखत नाही. हे आपण मनात म्हटलं की कानांनी ऐकलं, याचा रंगरावांना निवाडा करता आला नाही.

ते खिडकीच्या उजेडात गेले आणि अंगठा डोळ्यांपुढं धरला.

त्यावर काहीच नव्हतं. पट्टीखाली कातडी सुरकुतते, हे त्यांना माहीत होतं. ही सुरकुतलेली नव्हती. नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होती. एक रेषा नाही. आणि काप नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा, चार टाके पडलेला, थंडीत अजून ठणकणारा काप तिथं नव्हता. त्यांनी उजवा पाहिला. उजवा होता तसा होता.

त्यांनी दुपट्ट्यानं मशीनची काच स्वच्छ पुसली. का पुसली, हे त्यांना सांगता आलं नसतं. पाहुणं येणार म्हटल्यावर माणूस पाट पुसतो, तशी पुसली. मग चार पावलं मागं सरून ट्रेंच्या चवडीला टेकून उभे राहिले. दार उघडंच होतं. बाहेर तुषार बंद होते, तरी जाळीवरून थेंब पडत असल्याचा आवाज येत होता. चहाचा वास आला असं त्यांना वाटलं; पण सकाळची भांडी घासायची राहिली होती, त्यांचाही असेल.

काचेखाली लाल उजेड लागला.

‘धन्यवाद,’ बाई म्हणाली.

घड्याळात तीन चाळीस. रंगराव जागचे हलले नाहीत. काचेवर काहीतरी उमटत होतं. तोंडाच्या वाफेनं आरसा धुरकटतो तसं, कडेकडून आत. मग ते स्पष्ट झालं. अंगठ्याचा ठसा. ट्रेमधल्या भुशाच्या रंगाचा, ओलसर, ताजा. रंगरावांच्या अंगठ्याच्या निम्म्यानं अरुंद. बाईमाणसाचा.

त्यावरच्या रेषा ठसठशीत होत्या. आणि त्यांच्यातून, नखाच्या बाजूनं पेरापर्यंत, एक तिरपा काप गेला होता.

काही वेळानं ठसा वाळला आणि दिसेनासा झाला. उंबऱ्याकडं रंगरावांनी पाहिलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी हजेरीचा कागदही काढला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच तार तशी राहिली.

७

गुरुवारी सकाळी शिवम आला. उस्मानभाईही आले, हार घेऊन. किल्ल्या द्यायच्या वेळी रंगराव म्हणाले, उस्मानभाई, एक अट राह्यली.

उस्मानभाईंनी हसून हात जोडले. सौदा झाल्यावर अट घालणारा रंगराव त्यांना नवीन नव्हता. पंचवीस वर्षांत त्यानं एकही पोतं सरळ उचलू दिलं नव्हतं. बोला, म्हणाले.

“हे मशीन इथंच राहू द्या. वरसभर. लाइन बंद करू नका, अन् त्यातलं कोणाचं नाव काढू नका.”

“अरे, मी तं हे सगळं रंगवून घेणार होतो. काहून पाह्यजे तुमाले?”

“एक हजेरी बाकी आहे.”

“कोणाची?”

रंगरावांनी डावा हात खिशात घातला. “माही.”

उस्मानभाई बरंच काही विचारणार होते. पण त्या माणसाच्या तोंडाकडं पाहून त्यांनी नुसती मान डोलावली आणि म्हणाले, ठीक आहे भाऊ, तुमची अमानत समजा. रंगरावांनी मग आणखी एक गोष्ट मागितली. पुढच्या डिसेंबरात, शेवटच्या तीन दिवसांत, दुपारी साडेतीननंतर या खोलीचं दार उघडं ठेवायचं. पहिले दोन दिवस कुणी नसलं तरी.

सामान गाडीत चढलं. जाळीच्या दारात गंगू उभी होती. आज तिला काम नव्हतं, तरी ती आली होती. तिनं रंगरावांच्या खिशातल्या हाताकडं पाहिलं, मग ऑफिसच्या दाराकडं, आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

गाडी रस्त्याला लागली. मांडव मागं पडला. बापाला वाईट वाटत असणार, हे शिवमला कळत होतं. मग त्यानं समजुतीच्या सुरात म्हटलं, “आबा, लगेच परत यायची घाई करू नका. निदान एक वर्ष तरी राहा आमच्यापाशी.”

रंगराव खिडकीतून पाहत होते. खिशात उजव्या हाताचा नव्हे, डाव्याच हाताचा अंगठा बोटांवर फिरत होता; काहीच न लागता, सरळ घसरत.

“एक रोज कमी,” ते म्हणाले.